चाचींनी उचललेला फोन

आधी माझी चूक सांगतो, मग बाकीचं. एका म्हाताऱ्या माणसाचं चालतं दुकान मी मोबाईलवरून बंद केलं. त्याला न विचारता, त्याच्याशी काहीही वैर नसताना...

मी अमरावतीचा, पन्नाशी ओलांडलेली. पूर्वी फ्लेक्स छापायचो. तो धंदा बसला तसा ऑनलाइन कामाकडे वळलो. दुकानाचं पेज बनवायचं, फोटो टाकायचे, मॅपवर खूण लावायची, रिव्ह्यूंना उत्तरं द्यायची. प्रत्येक दुकानदाराला मी पहिल्या भेटीत एकच सांगतो – शोधलं की सापडलं पाहिजे, नाहीतर दुकान असून नसल्यासारखं. पेपरातल्या या सदरातले लोकांचे गूढ अनुभव बायको वाचून दाखवायची, तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. आज मीच लिहायला बसलोय.

अकोल्याच्या जुन्या शहरात एका बोळात हनीफचाचांचं गादीचं दुकान आहे. पुढे चाचा मशीनवर रुई पिंजतात आणि मागे चाची गाद्या शिवायच्या. काही वर्षांपूर्वी मीच त्यांची मॅपवर नोंद करून दिली. या धंद्याचं गिऱ्हाईक निराळं. घरात लग्न निघालं की माणूस घरच्या कापसाची रुई घेऊन येतो, आणि पुन्हा येतो तो एकदम धाकट्या पोरीच्या लग्नाला. तोवर रस्ता विसरलेला असतो. म्हणून नोंदीत नंबर टाकला तो चाचींचा, कारण फोन त्याच उचलायच्या. चाचा फोनवर ओरडतात आणि ऐकत काहीच नाहीत. चाची मात्र निवांत सांगायच्या, कडुलिंबापासून डाव्या हाताले वळा, मशीनचा आवाज आयकू आला का थांबा.

तेव्हा माझे वडील अंथरुणाला खिळलेले होते. त्यांची मान अवघडते, असं मी बोलता बोलता म्हणालो, तर चाचींनी सावरीच्या कापसाची एक छोटी उशी शिवून दिली. म्हणाल्या, "दबली का घेऊन ये, पुन्हा भरून देईन." वडील त्याच उशीवर गेले. तेव्हापासून ती मी माझ्या डोक्याखाली घेतो. ही गोष्ट मी बाहेर कुणाजवळ काढलेली नाही. काढण्यासारखं त्यात काय आहे?

मागच्या दिवाळीच्या सुमारास चाची वारल्या. रिचार्ज कोण करणार, त्यांचा नंबरही बंद पडला.

त्यानंतर त्याच बोळाच्या तोंडाशी फोमच्या गाद्यांचं मोठं शोरूम उघडलं, आणि त्याचं ऑनलाइन काम मला मिळालं. शेठ एक दिवस कुरकुरले की गादी शोधली तर अजून तो म्हाताराच वर दिसतो, याचं काहीतरी करा. चाचांची नोंद माझ्याच अकाउंटमध्ये आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी ती चाचांच्या हाती कधी दिलीच नव्हती. आमच्या लायनीत बरेच जण देत नाहीत; दुकानदाराला काय कळतं, असं धरून चालतो. मी नोंद उघडली आणि 'कायमचे बंद' निवडलं. मनाची समजूत घातली – चाची गेल्या, नंबर बंद, चाचा तरी किती दिवस रेटणार!

लग्नसराई सुरू झाली. शोरूमचे नवे फोटो काढायला मी अकोल्याला गेलो होतो. भर दुपारी दारात एक टेम्पो थांबला, मागे रुईची गाठोडी. बार्शीटाकळीकडचे तायडे म्हणून गृहस्थ आणि त्यांची बायको उतरले, आणि हनीफचाचांचं दुकान कुठे म्हणून विचारू लागले. शेठ म्हणाले, ते बंद झालं, मॅपवर पाहा ना.

"मॅपवर बंदच दाखवून राहिलं," तायडे म्हणाले. "म्हणून तं सकाळी फोन लावला. बाई म्हणे, आमी कुठं चाललो बाप्पा, चालूच हाये दुकान. या म्हणे."

मी विचारलं, कोणती बाई? त्यांनी फोन दाखवला. मोठ्या मुलीच्या लग्नापासून नंबर सेव्ह केलेला – 'गादीवाली चाची'. सकाळचा कॉल, लागलेला, बोलणंही झालेलं. माझ्या फोनमध्ये चाचींचा नंबर होता तो हाच, आकड्याला आकडा. मी लावून पाहिला. हा क्रमांक अस्तित्वात नाही. तायडेंच्या फोनवरून लावला... तेच. नंबर दुसऱ्या कुणाला गेला असेल, असं शेठ म्हणाले, आणि मलाही ते पटत आलं होतं.

तायडेबाई इतका वेळ माझ्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या.

"तुमी अमरावतीचे मॅपवाले काय?" त्यांनी विचारलं. "त्या बाईनं निरोप देला. म्हणे, तो भेटला तं सांगजा, बाबाची उशी दबली अशीन, घेऊन ये म्हणा."

मी कॅमेरा काउंटरवर ठेवला. शेठ काहीतरी बोलत होते, मला एक शब्द आठवत नाही. टेम्पोच्या पुढे चालत मी त्या लोकांना चाचांच्या दारापर्यंत नेलं.

पिंजायच्या मशीनवर चादर टाकलेली होती. चाचा सुया-दोरे एका डब्यात भरत होते. महिनाअखेर दुकान खाली करतो, असं घरमालकाला सांगून बसले होते. म्हणाले, लोक तिच्यासाठी येत होते रे, ती गेली तशे इसरले. तेवढ्यात त्यांना टेम्पोतली रुई दिसली. तायडेंनी सकाळच्या फोनचं सांगितलं, तशी त्यांनी चादर ओढून काढली.

मी गाठोडी उतरवायला मदत केली, पण कबुली द्यायची हिंमत झाली नाही. परतीच्या एसटीत गुपचूप नोंद पुन्हा चालू केली आणि चाचांचा नंबर टाकला, बस.

पुढे मी खूप खटपट केली. मोबाईलच्या दुकानात विचारलं, ओळखीच्या एका इंजिनिअरला विचारलं. बंद नंबरवर कॉल कसा लागला याचं काहीतरी कारण निघेलही. पण उशीचं? चाचांनाही माझ्या वडिलांबद्दल माहीत नव्हतं, चाचींनी उशी दिली त्या दिवशी ते बाजारात गेले होते. मला आजही उत्तर सापडलेलं नाही.

काही दिवसांनी उशी पिशवीत घालून मी पुन्हा अकोल्याला गेलो. दुकानात दोन घरची गाठोडी येऊन पडली होती. चाचांनी उशी दाबून पाहिली आणि शिवण उसवायला घेतली.

"तुह्या मॅपमुळं लोक येऊन राहिले बेटा," ते म्हणाले. "मी तं समजलो, तिच्यामागं आपल्याले कोणी इचारत नाई."

ते आभार मला सहन झाले नाहीत.

"चाचा, लोक तुमाले इसरलेच नव्हते," मी म्हणालो. "दुकान बंद झालं असं मॅपवर मीच टाकलं होतं. त्या शोरूमसाठी. माह्याच हातानं."

चाचांचा हात थांबला. मग ते पुन्हा दोरा ओढू लागले.

"मले काय सांगतं," ते शेवटी म्हणाले. "फोन तिनं उचलला. तिले सांग."

आधी मी नोंद त्यांच्या फोनवर, त्यांच्या नावावर करून दिली. मग चाचींचा नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं ती रेकॉर्डमधली बाई सांगत राहिली, आणि तिचा आवाज चालू असतानाच, चाचांच्या समोर बसून, मी बोललो...

"चाची, तुमचं दुकान मी बंद केलं होतं. उशी घेऊन आलो. चुकलो मी... माफ करा मले."