टोळीतलं तिसरं नाव

डिचोलीच्या खाणी बंद पडल्या, ट्रक दारात गंजू लागले, तेव्हा आम्ही तीन शेजारणी मुलांकडून शिकून मोबाइलवर राक्षस मारायचा खेळ खेळू लागलो. तिघींची टोळी होती. तिसरी वारली आणि खेळ सुटला.

दोन वर्षांनी दोघींनी परत उघडला, तर टोळीत तिचं नाव तसंच. दोघींच्यानं खेळातला किल्ला सर होईना आणि तिला काढल्याशिवाय नवं कोणी घेता येईना.

“तूच काढ गो, माझ्या हातून होणार नाही,” शेजारीण म्हणाली.

“मेलेलीला काय कळतंय?” म्हणत मी बटण दाबलं.

आमच्यात बायका मसणात जात नाहीत. तिला आम्ही पायरीवरूनच पाठवली होती. नाव गेलं, तशी शेजारीण तोंडात पदर कोंबून रडली. आपल्या हातांनी शेवटचं पोचवायची पुरुषांना सवय असते, आम्हाला नव्हती.