पंधरा नंबर बेडची बारा वाजताची नोंद

भुताखेतांच्या गप्पा मी कॅन्टीनमध्येसुद्धा ऐकून घेत नाही, चहा अर्धा टाकून उठते. मेडिसिन शिकवते, वीस वर्षं झाली. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय… पण जे झालं ते झालं.

यवतमाळातलं एक मेडिकल कॉलेज, नाव नको. बायकांचा वॉर्ड, बेड नंबर पंधरा. बाभुळगावकडच्या इंदूबाई न्यूमोनियानं दाखल झाल्या, तेव्हा मीच तपासलं. उजव्या हाताला बीपीचा पट्टा बांधला, तर काही लागेचना. त्या हसल्या. "डावा घ्या बाई. त्या हाताची नाडी कोनालेच भेटत नाही." खरंच नव्हती नाडी. हे केसपेपरवर लिहायचं माझ्याकडून राहून गेलं आणि मी दोन दिवस परीक्षेच्या ड्युटीवर नागपूरला गेले.

परतले त्या दुपारी कळलं — इंदूबाई सकाळी पावणेदहाला गेल्या. अकराला मुलगी त्यांचा देह गावी घेऊन गेली होती.

मी चार्ट मागवला. आधीच्या अकरा नोंदी, सगळ्या १२०/८०. मरणाच्या वाटेवर असलेल्या बाईचं बीपी असं? आणि बारावी नोंद त्याच दिवशी दुपारी बाराची! ती वेळ पाहूनच माझं डोकं फिरलं, पुढचे आकडे मी वाचलेही नाहीत. सह्या सगळ्या तन्मयच्या, आमच्या इंटर्नच्या.

मी लेखी तक्रार दिली. एक सीनियर म्हणाले, "आपलाच पोरगा आहे, इंटर्नशिप संपत आली. तोंडी समज द्या न."

"बीपी पडताना कोणाला दिसलं असतं, तर ती बाई कदाचित वाचली असती," मी म्हटलं. "तक्रार मागे घेणार नाही." माझी राहिलेली नोंदही मी त्याच तक्रारीत कबूल केली.

चौकशी समितीपुढे तन्मय आला. चेहरा पांढराफटक. "अकरा नोंदी खोट्या आहेत. मी इंदूमावशींना हातही लावला नव्हता. रूमवर पीजीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होतो." मग थांबून म्हणाला, "पण बाराची खरी आहे."

कोणीतरी हसलं.

"त्या गेल्याचं मला माहीत नव्हतं, सर. चार्ट भरायला गेलो, तर त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, 'कागदावर लय लिवलं बाबू, हाताले कधी लावशील?' मी उजव्या हाताला पट्टा बांधला. लागेना. म्हणाल्या, 'डावा घे. त्या हाताची नाडी कोनालेच भेटत नाही.'"

मी चार्ट ओढला. बारावी नोंद: उजवा — नाडी नाही. डावा — ९०/६०.

तक्रार देईपर्यंत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि ही नोंद त्याआधीची होती.

इंदूबाईंच्या मुलीला फोन केला, नाडीचं विचारलं. "आईनं त आमाले असं कधी सांगतलं नाही. अन् तो डाक्टर? दोन दिवस त्याचं तोंडबी नाही पाह्यलं आमी." वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "बाराला तो पंधरा नंबरपाशी वाकून उभा होता मॅडम. मले वाटलं, मशीन उचलून राह्यला. बेडवर त नुसती गादी होती."

समितीतल्या दोघांचा सूर बदलला — पोरगं घाबरलंय, जाऊ द्या. मी नाही म्हटलं. बारा वाजता काहीही झालेलं असो, आधीच्या दोन दिवसांचं काय? सहा महिने इंटर्नशिप वाढली, आणि ती माझ्याच वॉर्डात. तन्मयनं मुकाट्यानं मान्य केलं.

अहवालावर सही करताना डीन सर म्हणाले, "बारा खोट्या नोंदी, असं लिहा."

"अकरा लिहीन."

"म्हणजे बारावी खरी?"

"तेही नाही लिहिणार, सर."

त्यांनी सही केली. अहवालात अकराच आहेत. बारावीबद्दल काय लिहायचं, ते मला आजही माहीत नाही.