उजव्या हातावरची कपबशी

माझ्या उजव्या हाताच्या पंजावर, वरच्या बाजूला, तीसेक वर्षं एक कपबशी होती. कपाचा कान अंगठ्याकडं आणि खाली बशी. आता नाही. जिथं बशी होती तिथली कातडी जराशी फिकी दिसते, तेवढंच.

मी चौथीतून उठलेला माणूस, लिहिणं माझं काम नव्हे. पण गावात या कपबशीच्या इतक्या गोष्टी फिरतात की खरी कोणती ते मीच सांगून टाकलेलं बरं.

ग्रामपंचायतीला उभा राहिलो तेव्हा मला कपबशी ही निशाणी मिळाली होती. आमचं गाव आर्वीच्या बाजूचं. अर्ध्या गावाला तेव्हा वाचता येत नव्हतं. लोक चित्र पाहून शिक्का मारत. मी विचार केला, कागद फाटतो, भिंतीवरचा रंग उडतो, हात कुठं जातो? आर्वीच्या बाजारात एक बाई बॅटरीवर गोंदून देत असे. तिच्यापुढं जाऊन बसलो.

ती म्हणाली, "दंडावर काढून देतो ना भाऊ. पंजावर कायले? जलमभर दिसन."

"दिसासाठीच तर काढून राह्यलो," मी म्हणालो.

हात जोडले की पंजाची पाठ बाहेरच्या बाजूला येते, हे माझं डोकं. मग दारोदार हात जोडत फिरलो आणि अकरा मतांनी पडलो.

निवडणूक गेली, कपबशी राहिली. पोरं मला कपबशीआबा म्हणू लागली. चहाच्या टपरीवर माझ्या वयाचे लोक म्हणत, "याले कप नको देऊ बे, याच्या हातातच हाय. नुसता चहा वत." मी हसत नव्हतो, पण हात कधी खिशातही घातला नाही. पडलो हे मी मानलंच नव्हतं. समोरच्यानं दारू पाजली, पाहुण्यांची नावं यादीत घुसवली, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे लोकांना मी नको होतो. शेतात जायच्या पांदणीवरून मी निम्म्या गावाशी भांडलो होतो. बायकोला हे तेव्हाच माहीत होतं. मला कबूल करायला म्हातारपण लागलं.

मागच्या निवडणुकीत आमच्या वार्डातली जागा बाईसाठी सुटली आणि माझी सून उभी राहिली. ती घरी कपडे शिवते. गावातल्या बहुतेक बायकांची मापं तिच्या वहीत आहेत, आणि त्यांच्या अडचणीही तिला ठाऊक आहेत. तिला निशाणी मिळाली शिलाई मशीन. समोर कोण, तर ज्यानं मला पाडलं त्याची सून. तिनं कपबशी मागून घेतली. त्यात गैर काही नव्हतं, निशाणीवर कोणाचा सातबारा नसतो. पण गाव आठ दिवस हसलं.

बायको म्हणाली, "अवो, फिराले जाता तं हाताले फडकं तरी बांधा."

"कायले? म्या चोरी केली काय?"

मी रोज सकाळी सगळ्यांच्या पुढं. प्रत्येक दारात हात जोडायचे आणि म्हणायचं, "मशीनचं बटन दाबजो बाई." हात एक सांगत होता अन् तोंड दुसरं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आलं असतं तरी मी फडकं बांधलं नसतं.

मतदानाच्या दिवशी दुपारी शाळेच्या फाटकाशी उभा होतो. आमच्या गल्लीतली एक म्हातारी मत देऊन बाहेर आली. तिला नीट ऐकू येत नाही. तिनं माझा हात धरला, गोंदणावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "झालं बापा तुह्यं काम. हेच दाबलं. रांगेतल्या दोघी आंधळ्यासारख्या पाहून राह्यल्या होत्या, त्याईलेही सांगतलं, आबाच्या हातावर हाय तेच दाबा म्हणून."

मी "बरं केलं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सून चार मतांनी पडली. ती तीन मतं तिकडं न जाता इकडं आली असती तर दोन मतांनी निवडून आली असती.

ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. सून दुसऱ्या दिवशी मशीनवर बसली, कोणाच्या तरी लग्नाचे ब्लाऊज राहिले होते. मी मात्र जेवायला बसलो की घास उचलताना कपबशी डोळ्यापुढं येई. डाव्या हातानं जेवता येते का पाहिलं. नातवंडं हसली म्हणून सोडलं.

दीडेक वर्षामागं सून ताटात भाकर टाकताना म्हणाली, "मामाजी, पुढच्या वक्ती मी पुन्हा उभी राह्यतो. पण तुमी फिराले नका येऊ."

"काऊन?"

"ऊन लागते तुमाले." एवढं बोलून ती चुलीकडं वळली.

ऊन लागते म्हणे. जन्म उन्हात गेला माझा. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी घरी सांगितलं की डोळे दाखवायला जातो, आणि वर्ध्याच्या एसटीत बसलो. तिथं मशीननं गोंदण पुसून काढतात हे ऐकून होतो.

दवाखान्यात बाकड्यावर सगळी पोरं, पोलीस भरतीला जायची. त्यांच्या हातावर पोरींची नावं. एकानं विचारलं, "आबा, तुमीबी भरतीले काय?" मी म्हणालो, "हो, तुह्या वरचा सायेब म्हणून."

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. तिनं हात उजेडात धरला, इकडून तिकडून पाहिला. "देवांची नावं पाहिली आजोबा, माणसांची पाहिली, हे पहिल्यांदाच. चहाचं दुकान होतं का?"

"हो," मी म्हणालो. तिला सगळी कथा कोण सांगत बसणार.

ती म्हणाली, सहा-सात वेळा यावं लागेल, दर वेळी दीड-दोन महिन्यांनी. सावळी कातडी आहे, मशीन हळू चालवावी लागते. आणि पूर्ण जाईलच असा शब्द देत नाही.

"एका दमात काढा ना."

"कातडी जळेल, आजोबा."

दुखू नये म्हणून आधी मलम लावून तासभर बसवतात. मी नको म्हणालो. विंचू चावल्यावर पायी घरी आलेला माणूस मी, मलम काय लावतो. तिनं दोनदा विचारलं, मग सोडलं. माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि मशीन लावली. चट, चट, चट असा आवाज. तापलेलं रबर ओढून मारावं तसं लागते. बोकडाचं मुंडकं जाळावर धरल्यावर येतो तसा वास आला. कपाची रेघ पांढरी होऊन फुगली.

"दुखतंय?"

"नाई."

"मग डोळ्यातून पाणी का येतंय?"

"चष्म्याचं हाय."

दुसऱ्या वेळी मी आत गेल्यावर काही न बोलता मलमासाठी हात पुढं केला. तिनंही काही न बोलता लावलं. भली बाई.

पण मी पहिल्या वेळचं सांगत होतो. दुसऱ्या दिवशी हाताला फोड आला. बायकोनं डोळ्याच्या दवाखान्यात हात कसा भाजला म्हणून विचारलं, तेव्हा सांगावं लागलं. "तीस वर्सं मी सांगून राह्यलो, तवा नाई आइकलं," म्हणाली आणि उठून गेली. दुपारी मी ओट्यावर बसून डाव्या हातानं मलम लावत होतो, ते सगळं धोतराला लागत होतं. सून आली, ट्यूब माझ्या हातातून घेतली आणि समोर बसून लावू लागली. हलक्या हाताची आहे.

तेव्हा मी तिला म्हाताऱ्या बाईच्या मताचं सांगितलं. सांगताना मान खाली होती.

ती म्हणाली, "मले काय, घरात सगळ्याईले मालूम हाय मामाजी. त्याच दिवशी मालूम झालतं. आजीनं मलेबी येऊन सांगतलं, तुह्या सासऱ्याच्या हातावरचं दाबलं म्हणून. मोठ्या खुशीत होती."

"मंग बोलली काऊन नाई इतके दिवस?"

"बोलून काय करू? तुमी हात तोडून ठेवला असता."

मी हसलो. त्या कपबशीवरून मी बहुतेक पहिल्यांदाच हसलो. चार वर्षं मी जे पोटात धरून होतो ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी मला घराबाहेर काढलं नव्हतं.

मग दर खेपेला ती सोबत आली. हाताला ऊन लागू द्यायचं नव्हतं, म्हणून तिनं एका हाताचा पांढरा मोजा शिवून दिला. तो घालून मी सोयाबीन सोंगलं. शेताच्या धुऱ्यावरून जाणारे विचारत, "काय आबा, सर्कशीत लागले काय?" तिसऱ्या खेपेनंतर कपाचा कान गेला. पाचव्या खेपेनंतर नुसती हिरवट सावली उरली, आणि सातव्या खेपेनंतर डॉक्टरीणबाई म्हणाली, आता पुरे.

यंदा निवडणूक लागली. समोरची बाई तीच, निशाणी तीच कपबशी. आमची शिलाई मशीन. फिरायला निघायच्या दिवशी मी ओट्यावरच बसून होतो. मला घरी राहा म्हटलेलं होतं आणि मी ते विसरलो नव्हतो. सून चपला घालून उंबऱ्यात थांबली.

"चाला ना मामाजी."

"ऊन लागते मले."

"टोपी घाला."

मी टोपी घातली. या वेळी पुढं ती आणि मागं मी. बोलायचं काम तिचं होतं. नळाचं, अंगणवाडीचं, विधवा बायकांच्या कागदांचं ती बोलत होती आणि मला त्यातलं अर्धंही माहीत नव्हतं. पांदणीवरून ज्यांच्याशी भांडलो होतो त्यांच्याही दारात गेलो. तिथं मला कोणी या म्हटलं नाही, तिला पाट दिला. मी अंगणात उभा राहून हात जोडले. कोणी हाताकडं पाहिलं नाही. पाहण्यासारखं तिथं काही नव्हतं.

मतदान पुढच्या आठवड्यात आहे. ती निवडून येईल की पडेल हे मला सांगता येत नाही, दोन्ही बाजूंचे लोक दोन्ही बाजूंना हो म्हणतात. पडली तर वाईट वाटेल. पण त्यात या वेळी माझा हात नसेल, आणि या विचारानं मला इतकं मोकळं वाटते की आज तिच्या आधी तयार होऊन मी दारात उभा आहे.