अप्पांच्या पावलांचा आलेख

माझं काम चार्ट काढायचं. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, कारण पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. पुण्यातली एक कंपनी तब्येतीचं ॲप बनवते. माणूस किती चालला, किती झोपला, त्याच्या नाडीचे ठोके कसे पडले, हे त्यात आलेखांत दिसतं. ते आलेख मी रामनगरात, हमरस्त्यावरच्या एका दुकानावरच्या खोलीत बसून तयार करतो. खालून दिवसभर ट्रक जातात. मीटिंग सोडली तर माझ्या तोंडून बाहेर पडणारे शब्द म्हणजे कोपऱ्यावरच्या टपरीत ‘एक चहा’. चहावाला हल्ली मला बघितलं की न विचारताच कप पुढं करतो, म्हणजे तेवढंही बोलणं वाचलं.

पूर्वी स्क्रीनवर साधी रेघ काढायची तरी इथून सुरू कर, तिथवर ने, मग खाली वळव, असं एकेक सांगावं लागायचं. आता आम्ही ज्या पद्धतीनं प्रोग्राम लिहितो तिच्यात कसं काढायचं हे सांगावंच लागत नाही. काय दिसायला हवं तेवढं मांडायचं. हे दिवस, ही पावलं, त्यांचे खांब. पुढची यातायात फ्रेमवर्क, म्हणजे खालचं तयार सॉफ्टवेअर, करतं. आकडा बदलला की खांबाची उंची आपोआप बदलते. सगळ्यात मोठा आकडा बघून उंची मोजायची पट्टीही तेच ठरवतं, त्यामुळं चित्र कायम स्क्रीनभर, भरल्या घरासारखं दिसतं. मला हे फार आवडायचं. नुसतं मागणं मांडलं आणि ते समोर उभं राहिलं, ही सोय स्क्रीनच्या बाहेर मला कधी मिळाली नाही.

आई गेल्यावर माझे वडील, म्हणजे अप्पा, अणशीच्या पुढं रानातल्या घरात एकटे राहिले. त्या घराला रेंज नाही. बस थांबते त्या वळणावर तेवढी येते, आणि सगळं गाव तिथंच उभं राहून फोनवर बोलतं. सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून कुणीच मनातलं बोलत नाही. अप्पा तर ओरडून बोलत आणि लगेच उरकत. “जेवलास न्हवं?” “जेवलो.” “मग झालं.” एवढ्यावर मला आठवडा काढायचा असायचा. माझ्या खोलीत नेट आहे तर अप्पा नाहीत, तिथं अप्पा आहेत तर नेट नाही, आणि नेटशिवाय माझं पोट चालत नाही. खोलीवर आणायचं म्हटलं तर ते म्हणत, “गाईला जिन्यानं वर चढवतोस व्हय?”

मला त्यांची आठवण यायची, पण त्याहून जास्त भीती वाटायची. एखाद्या दुपारी ते ओट्यावर आडवे होतील आणि मला कळेल ते कुणी वळणावर येऊन फोन केल्यावर. म्हणून मी त्यांच्या मनगटाला एक पट्टा बांधला. तो पावलं मोजतो, नाडी बघतो, एकदा चार्ज केला की बरेच दिवस चालतो. ते आकडे घरातल्या फोनमध्ये साठत, आणि अप्पा फोन घेऊन वळणावर आले की साठलेलं सगळं मला येऊन पोचायचं. “तुम्ही कुठं हिंडता, किती चालता, सगळं मला तिकडं दिसणार,” असं मी त्यांना समजावलं होतं. त्यांनी मान डोलावली. अप्पा मान डोलावतात तेव्हा त्यांना पटलेलं असतं की बोलणं संपवायचं असतं, हे मला आजवर ओळखता आलेलं नाही.

सुरुवातीला चार्ट अगदी अप्पांसारखा यायचा. सकाळी उंच खांब, दुपारी काही नाही, संध्याकाळी थोडंसं. चहाच्या आधी मी तो उघडायचो. त्या खोलीत माझ्याजवळचं घरचं असं तेवढंच होतं. मग एका खेपेला पावलं एकदम वाढली आणि नाडीची रेघ नाहीशी झाली. जिथं माहिती नाही तिथं रेघ जोडायची नाही, तुटलेली दाखवायची, असा ऑफिसात मीच हट्ट धरला होता. आता तीच तुटलेली रेघ माझ्या छातीत रुतून बसली. चालतायत म्हणजे बरे असतील, पट्टा सैल झाला असेल, हात बारीक झाला असेल, अशी मी मनाची समजूत घालत राहिलो. फोनवर अप्पांनीच विचारलं, “दिसतंय न्हवं सगळं?” मी म्हटलं, “दिसतंय.” “मग झालं.”

नाडीची रेघ परत येईना तेव्हा रजा टाकली आणि बस धरली. अप्पा ओट्यावर बांबूच्या कांब्या तासत बसले होते. धडधाकट. मनगट मात्र उघडं.

“पट्टा कुठाय अप्पा?”

“येईल की सांजचं,” ते म्हणाले आणि कांबी तासू लागले.

संध्याकाळी रानातून लाकडी घंटेचा ठक ठक आवाज आला. मागून गाय आली. तिच्या गळ्यातल्या दोरीला, घंटेच्या बाजूला, माझा पट्टा सुतळीनं पक्का बांधला होता.

“तूच म्हणालास न्हवं, कोण कुठं हिंडतंय ते तिकडं दिसतंय म्हणून,” अप्पा म्हणाले. “मी हितंच असतोय. हिंडती ही. शेजारची म्हस रानात गेली ती गावलीच न्हाई. तू रोज बघतोस तर हिच्यावर तरी ध्यान ऱ्हाईल.”

“अप्पा, तो माणसाच्या हाताला बांधायचा असतो.”

“हरवतंय त्येला बांधायचं. मी कशाला हरवतोय?”

मला हसू आलं. इतके दिवस अप्पा समजून मी सकाळ संध्याकाळ ज्या खांबांवर माया करत होतो, ते सगळे गाईचे होते. हसता हसता डोळे भरून आले. अप्पांनी ते बघितलं नाही, ते गाईच्या कानामागच्या गोचिड्या काढत होते. मग त्यांनी पट्टा सोडला, धोतराला पुसला, आणि माझा हात ओढून घेऊन मनगटाला बांधला. “तूच बांध,” म्हणाले. “लांब गेलेला तू हाईस. पुढच्या खेपंला येशील तवा मला दाव.”

रामनगरला परतल्यावर माझी पावलं जमू लागली. खोली ते मोरी, मोरी ते टेबल, टेबल ते टपरी. चार्ट उघडला तर खांब चांगले स्क्रीनभर उंच. क्षणभर मलाही वाटलं की बरा चालतोय की मी. पण ती पट्टी माझ्याच आकड्यांवर ठरलेली होती. त्या तोकड्या आकड्यांतला सगळ्यात मोठा आकडा छताला टेकला होता, एवढंच. मी गाईचे दिवस आणि माझे दिवस एकाच चार्टवर मांडले. तिचे खांब होते तिथंच राहिले आणि माझे पार खाली बसले, कोनाड्यातल्या धुळीइतके. अप्पांना बरं वाटावं म्हणून नुसता माझा, उंच दिसणारा चार्ट नेता आला असता. पण त्या खोलीत मी कसा राहतो हे दुसरं कुणी बघणार नव्हतं. मी दोघांचा नेला.

अप्पांनी फोन उन्हापासून आडोशाला धरला आणि खांबांवरून बोट फिरवलं. उंच खांब त्यांनी लगेच ओळखले. “हे वरच्या रानात गेली ती,” म्हणाले. बोट पुढं सरकलं आणि थांबलं.

“हितनं पुढं जनावर बसूनच हाय. आजारी पडलं काय?”

“न्हाई,” मी म्हटलं.

“मग कुणी बांधून घातलंय?”

“न्हाई अप्पा. मोकळंच हाय.”

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. आता ते माझ्या मनगटाकडं बघत होते.

“मोकळं हाय,” अप्पा म्हणाले, “तर मग सांजचं घरला का येत न्हाई?”