परीक्षेला न येणारे प्रकरण

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरी अमेरिका दोन वाटांनी आली. एक रेशनच्या पिशवीतून, तांबड्या ज्वारीच्या रूपाने. त्या पिठाला जहाजाच्या तळाचा कुबट वास असे आणि भाकरी थापताना कडेने फाटत जाई. दुसरी माझ्या दप्तरातून. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हांला अमेरिकेचा इतिहास होता, विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा: देशाबाहेर कालवे आणि आरमार, देशात कारखाने, संप, कायदे. त्यावरचे मराठी पुस्तक एकच, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याची प्रतही एकच, आणि ती वर्षभर माझ्याकडे होती.

माझी मैत्रीण पिशोरची. मेंढरे राखणाऱ्या घरातून महाविद्यालयापर्यंत आलेली पहिली मुलगी. संक्रांतीनंतर ती वसतिगृह सोडून गावी गेली. चारा संपला होता, निम्मी मेंढरे मेली होती. उरलेली घेऊन वडील गोदाकाठाने खाली गेले होते आणि घरातल्या बायका रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. निघताना वडिलांनी तिला एवढेच सांगितले होते: या खेपेला पास झालीस तर मास्तरीण हो, नाय झालीस तर लगीन.

म्हणून दर रविवारी मी सकाळची एसटी धरून, वेरूळ-कन्नडवरून, पिशोरला जात असे. हातात माझी वही. आयएमपी प्रश्न काढण्यात माझा हातखंडा, असा वर्गात लौकिक होता; जुन्या प्रश्नपत्रिका चाळून यंदा काय येणार ते मी सांगे आणि मुली डोळे मिटून तेवढेच पाठ करत. त्या वर्षी मी सांगितले: परराष्ट्र धोरण. खरे कारण प्रश्नपत्रिकांत नव्हतेच. कवितेवर वाढलेल्या माझ्या कानाला त्या प्रकरणांनी भुरळ घातली होती. दोन महासागरांना जोडणारा कालवा, पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेली पांढरी जहाजे. कामाच्या तासांचे कायदे मला रुक्ष वाटले. ते प्रकरण मी वाचले होते; वहीत उतरवले नव्हते.

कामावर दगडांच्या ढिगापाशी बसून मी मोठ्याने वाचत असे. मैत्रीण हातोडी चालवत ऐके. तापलेला काळा दगड फुटला की विझलेल्या काडीसारखा वास येई, आणि बारीक धूळ दातांखाली करकरे. भोवतालच्या बायकाही कान देत.

"ह्यो कालवा खांदला कुनी?" मैत्रिणीच्या चुलतीने एकदा विचारले.

"लांबच्या बेटांवरून आणलेल्या काळ्या मजुरांनी. गोऱ्यांना पगार सोन्याच्या नाण्यांत, यांना चांदीच्या. जेवायच्या जागाही वेगळ्या."

बौद्धवाड्यातली एक म्हातारी हातोडी थांबवून हसली. "म्हंजे तिथंबी दोन माठ हायेत म्हना की!"

कामावर खरोखरच दोन माठ होते. एक बाभळीच्या सावलीत, एक उन्हात. मी सावलीतल्या माठातले पाणी पीत होते. उन्हातला कुणाचा, हे मी कधी विचारले नव्हते. चुलती खाली पाहून उगाच खडी सारखी करू लागली.

म्हातारीनेच पुढे विचारले, "ते लांबचं ऱ्हाऊ दे, बाई. त्येंच्या घरच्या बायांचं काय? त्येंला किती तास काम? लेकराला पाजाया सुट्टी व्हती का नाय?"

"आजी, ते परीक्षेला येत नाही," मी म्हणाले.

"येत नाय म्हनं! मंग कशाची गं ही परीक्षा?" चुलतीने टोमणा मारला आणि सगळ्याजणी हसल्या. मैत्रीण हसली नाही.

"खरंच काय नाय का त्यातलं पुस्तकात?" तिने हळूच विचारले.

मी वहीवर बोट ठेवले. "हे पाठ कर. एवढं पुरेल."

चैत्रात परीक्षा झाली. शहर तेव्हा पूर्वेकडे पसरू लागले होते. नव्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याची धूळ खिडकीतून येऊन उत्तरपत्रिकेवर बसत होती. मी प्रश्नपत्रिका उलगडली. पहिलाच प्रश्न, सक्तीचा: अमेरिकेतील कामगार आणि स्त्रिया यांच्या स्थितीत झालेले बदल विशद करा. दोन बाक पुढे मैत्रिणीची पाठ दिसत होती. ती वळली नाही. बराच वेळ ती पाठ हललीही नाही. माझा हात मात्र लिहू लागला होता. मला सगळे येत होते.

त्या एका विषयात ती नापास झाली. निकालानंतर आठवड्याभराने, लग्नाच्या बस्त्यासाठी गुलमंडीत आली असताना, ती मागच्या गल्लीतल्या आमच्या घरी आली. वही तिने माझ्यासमोर ठेवली.

"कोरं नाय सोडलं मी," ती म्हणाली. "आपल्या बाया लिहिल्या. हजेरी, झाडाला बांधलेली झोळी, उन्हातला माठ. तास कमी करा म्हणून बाया भांडल्या असतील, लेकरं कारखान्यातून काढा म्हणल्या असतील, असं लिहिलं. वर फक्त अमेरिकेचं नाव घातलं. तपासणारा लई हसला असंल."

"ऑक्टोबरला पुन्हा बस. फॉर्म मी आणते."

"ऑक्टोबरला मी कुठं असंन, ते तिकडचे लोक ठरवतील आता."

खालून चुलतीने हाक मारली, "ए नवरी, दुकानदार ताटकळलाय की गं!" उठता उठता मैत्रिणीने वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "अक्षर लई सुंदर हाय तुझं," ती म्हणाली. त्या वाक्यात राग शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सापडला असता तर सोपे झाले असते.

ती गेल्यावर मी पुस्तकातले ते प्रकरण उघडले. स्त्रियांच्या कामाच्या तासांवर मर्यादा. गिरण्यांतून मुलांना बाहेर काढण्यासाठी दिलेले लढे. मतासाठी रस्त्यावर उतरलेल्या बायका. तिने अंदाजाने लिहिलेले बरेचसे तिथे होते. तिच्याकडे नव्हती ती फक्त साले आणि नावे.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक परत केले. ग्रंथपालांनी शेवटच्या पानावर चिकटवलेली पट्टी पाहिली. शिक्के एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर माझाच क्रमांक.

"वर्षभर दुसऱ्या कुणी मागितलंच नाही वाटतं हे," ते म्हणाले.

मागितले होते, खडीच्या ढिगापाशी बसून, एवढे तरी मी म्हणायला हवे होते. मी होकाराची मान हलवली आणि बाहेर उन्हात आले.