पल्लवीचं माहेर

दादा, कळवणच्या स्टँडवर माझी पेटी तूच गाडीत चढवलीस. लहानगी पल्लवी माझ्या मांडीवर झोपली होती. आई घरून आलीच नाही. नाना खिडकीखाली उभे होते. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तेव्हा ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "कुणी जावयाचं इचारलं तर कावीळ झाली व्हती म्हण. दुसरं काय बोलू नको."

नवऱ्याचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं. त्याच्या शेवटच्या आजारपणात त्याचा एचआयव्ही कळला आणि पाठोपाठ माझाही. सासरी माझं ताट वेगळं काढलं होतं आणि माहेरी तुझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मी नाशिकला जावं हे सगळ्यांना सोयीचं होतं, आणि मला ते पटलंही होतं. मला तुमचा राग आला नाही. शरमच एवढी वाटत होती, जणू ते दुखणं मीच हौसेने कुठून तरी घरात आणलं होतं.

सातपूरला एक खोली मिळाली, एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं. शेजारणींनी नवऱ्याचं विचारलं की मी काविळीचं सांगायचे. इतक्या वेळा सांगितलं की पुढे पुढे मलाच त्याचे डोळे पिवळे आठवायला लागले.

पल्लवीची तपासणी लहानपणीच केली होती. तिला काही नव्हतं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं की एका ताटात जेवल्याने, कुशीत घेतल्याने हे लागत नाही. कळत सगळं होतं, पण हात धजत नव्हता. तिने माझ्या ताटातला घास मागितला की मी तिला वेगळी वाटी काढून द्यायचे. तिचं अंथरूणही मी भिंतीकडेला, माझ्यापासून लांब घालायचे.

हे दुखणं असलेल्या आम्ही बायका फार जगणार नाही असं तेव्हा सगळेच धरून चालले होते. पण गोळ्या लागू पडल्या. दवाखान्यातल्या आमच्या रांगेत पूर्वी तरण्या विधवा असायच्या, आता त्याच बायका पिकल्या केसांनी गुडघे धरून बसलेल्या असतात. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतात, विषाणू दिसत नाही, छान आहे. पण माझी पाळी चाळिशीतच गेली, हाडं ठिसूळ झाली, पायाला रात्रंदिवस मुंग्या येतात. रांगेत आम्ही एकमेकींना हळू आवाजात विचारतो, अंथरूण धरलं तर आपलं कोण करणार?

तीन वर्षांपूर्वी मोरीत घसरून माझं मनगट मोडलं. हाडांच्या दवाखान्यात मी खरं ते सांगितलं. तिथल्या माणसाने हातमोज्यांवर हातमोजे चढवले आणि दारातून पलीकडच्याला ओरडून सांगितलं, ही बाई तसली आहे, जपून. बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. प्लास्टर घालून घेतलं, पण पुन्हा दाखवायला मी गेलेच नाही. शेवटी कँटीनमधल्या बाईकडून ते कापून घेतलं. मनगट वाकडं बसलं.

पल्लवी लग्न होऊन ओझरला गेली. जावई तिथे कारखान्यात आहेत. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी आधी आनंदले आणि मग घाबरले. पहिलं बाळंतपण म्हणजे आईने करायचं. तान्हं बाळ या हातात घ्यायचं या विचारानेच मला घाम फुटायचा. मी तिला कारणं सांगत राहिले. खोली लहान आहे, मनगट दुखतं, तुझ्या सासूबाई जास्त जाणत्या आहेत. ओझर काही लांब नाही, पण मी तिला भेटायलाही जाईना.

सातव्या महिन्यात ती न सांगता आली. बॅग दारातच ठेवून उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"सासूबाई विचारतात, आई कधी नेणार म्हणून," ती म्हणाली. "मला माहेर आहे का नाही, तेवढं सांग. नसलं तर मी परत जाते."

मी तिला आत घेतलं, दार लावलं आणि खरं काय ते सांगितलं. तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून फरशीकडे बघत सांगितलं. तिने आधी पोटावर हात ठेवून विचारलं, तिला स्वतःला काही आहे का. नाही म्हटल्यावर तिने बॅग जवळ ओढली. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल.

"म्हणून तू मला जवळ घेत नव्हतीस?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"मला वाटायचं, मी तुला नकोच होते."

दादा, लोकांनी ताट वेगळं केलं तेव्हा शरम वाटली, दवाखान्यात तो माणूस ओरडला तेव्हाही वाटली. पण त्या दिवशी लेकीसमोर वाटली तेवढी कधीच वाटली नाही. ती शेजारी सरकून बसली. तिच्या पाठीवर हात ठेवायलाही मला वेळ लागला.

तिने जावयांना सांगितलं. रविवारी ते आले. चहा घेतला आणि जाताना मला मोरीत धरायला भिंतीला दांडा बसवून गेले. विहीणबाईंना मात्र अजून माहीत नाही, आणि त्यांना सांगायचं बळ माझ्यात नाही. नात झाली. मनगटामुळे तिला पायावर घेऊन अंघोळ घालणं मला जमत नाही, त्यासाठी बाई येते. मी टॉवेल पसरून बसते आणि ओली पोर सगळ्यांत आधी माझ्या मांडीवर येते.

वहिनी फोनवर विचारत होती, घरी कधी येताय. येऊ कधीतरी, तिला राग मानू नको म्हणावं. पण घर म्हटलं की आता मला कळवणची वाट आठवत नाही. जेवणं झाली की पल्लवी मोरीतून मोठ्याने विचारते, "आई, गोळी घेतलीस का?" चाळीत भिंती पातळ आहेत. माझा हात आधी खिडकी लावायला जातो. मग तो मागे घेऊन मी पाण्याचा पेला उचलते, गोळी गिळते आणि घेतली म्हणून ओ देते.