बुधवारचा घास

येशिमेबेतची आई वुबित गावभर सांगत फिरायची, "लोकांच्या पोरी डॉक्टर होऊन माणसं बरी करतात. माझी डॉक्टर झाली ती गवत बरं करायला!"

गवत म्हणजे टेफ. दाणा खसखशीहून बारीक, पण त्याच्या आंबवलेल्या पिठाच्या धिरड्याशिवाय, म्हणजे इंजेऱ्याशिवाय, गावात कुणाचं जेवण होत नाही. काडी मात्र अशी नाजूक, की कापणीच्या तोंडावर वारा सुटला की अख्खं शेत आडवं. आठ वर्षांची येशी वडिलांबरोबर लोळलेल्या पिकातून दाणे वेचत होती, तेव्हा तिने विचारलं होतं, "बाबा, याला उभं राहायला कुणी शिकवत का नाही?"

"तूच शिकव," वडील हसून म्हणाले होते. तिने ते मनावर घेतलं.

टेफचं फूल सकाळी थोडाच वेळ उघडतं, तेही डोळ्यांना धड दिसत नाही. तेरा वर्षं येशी भिंग आणि चिमटा घेऊन संशोधन केंद्राच्या वाफ्यांत ओणवी होती, एका रोपाचे परागकण दुसऱ्याच्या फुलात घालत. घरी तिचा नवरा बिस्रात, शाळेत भूगोल शिकवणारा, दोन्ही मुलींच्या वेण्या घालून त्यांना शाळेत पोचवायचा. त्याने घातलेल्या वेण्या दुपारपर्यंत सुटायच्या. रविवारी मात्र येशी वाफ्यांकडे फिरकायची नाही. पांढरी शाल पांघरून चौघंही चर्चला जायची. "आजची फुलं देवाची," ती म्हणायची. मुलींना ताप असला की ती रात्रभर उशाशी बसायची आणि सकाळी पुन्हा वाफ्यात असायची. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "टेफला ताप येत नाही, तेवढाच आराम."

अखेर एक वाण वाऱ्यात उभं राहिलं. आता उरली एकच परीक्षा. राजधानीतून समिती येणार, बाजारातल्या नावाजलेल्या पांढऱ्या टेफचा इंजेरा आणि येशीच्या टेफचा इंजेरा, नाव न सांगता नुसते आकडे लावून, बारा शेतकरणींपुढे ठेवणार; त्यांत वुबितही होती. त्या खाऊन गुण देतील, तर बियाणं गावोगाव जाणार. समिती वर्षातून एकदाच येते. ही वेळ चुकली की एक हंगाम गेला आणि एवढ्या घरांचं पीक पुन्हा वाऱ्याच्या हवाली.

दिवस मंगळवारचा ठरला. पीठ तीन दिवस आंबवून केंद्रातल्या बायकांनी सोमवारी मोठ्या मातीच्या तव्यांवर इंजेरे काढले. मंगळवारी समिती आलीच नाही, जीप वाटेत बंद पडली. बुधवारी सकाळी समितीचे प्रमुख गाशे वोंदिमू पोट सावरत जीपमधून उतरले.

"चला बायांनो, खायला बसा! मला दुपारच्या आत निघायचंय."

एकही बाई हलली नाही. वुबितने पदराआड हसू लपवलं. "गाशे, आज वार कोणता?"

"बु..." गाशेंनी जीभ चावली. बुधवार आणि शुक्रवार उपासाचे, तिसऱ्या प्रहरापर्यंत कुणाच्या तोंडात पाण्याचा थेंबही जात नाही. "मला साखरेचा आजार. पाद्रीबाबांनीच उपास सोडायला लावला."

"उपासाबरोबर वारही सोडलेत वाटतं," वुबित म्हणाली. बायका खो खो हसल्या.

गाशेंनी येशीला बाजूला घेतलं. "डॉक्टर, हा उपास मोडणं थोडंच आहे? हे तर काम आहे. एकेक घास चावून थुंकू देत. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

येशीला ठाऊक होतं, तिने शब्द टाकला तर दहाजणी तरी ऐकतील. आईसुद्धा ऐकेल. वुबित लांबूनच ओरडली, "तू म्हणालीस तर मी खाईन हो! देवाने विचारलं की तुझं नाव सांगेन."

येशी हसली आणि गाशेंकडे वळली. "गाशे, मी स्वतः पाणी प्यायलेली नाही. यांना कुठल्या तोंडाने सांगू? तिसऱ्या प्रहरापर्यंत थांबा. तोवर माझं शेत बघा."

गाशे कुरकुरले, पण थांबले. शेतात फिरले. शेजारचं टेफ आदल्या रात्रीच्या वाऱ्याने झोपलं होतं, येशीचं उभं होतं. गाशेंनी त्याची एक काडी वाकवून बघितली, मग ते जीपमध्ये जाऊन घोरू लागले.

येशीला आता दुसरीच काळजी लागली. तिच्या टेफचा ताजा इंजेरा तिने शंभरदा खाल्ला होता. तिसऱ्या दिवशी तो कसा लागतो, हे तिला माहीत नव्हतं. दोन मुलींच्या घरात तो तिसऱ्या दिवसापर्यंत कधी उरलाच नव्हता. शिळा होऊन त्याला तडे गेले तर? तिने टोपलीवर ओला कपडा घातला आणि मनातल्या मनात मरियमआईचा धावा केला.

ऊन कललं. चर्चची घंटा वाजली. पाणी पिऊन, छातीवर क्रूस रेखून बायका बसल्या. एक नंबर, दोन नंबर. कुणी इंजेऱ्याला पडलेली जाळी, त्याचे 'डोळे', बघितले, कुणी दुमडला, कुणी वास घेतला. वुबितने दोन नंबरला पाचातले तीन गुण दिले. "जरा आंबट आहे," ती मोठ्याने म्हणाली. येशीने मान खाली घातली.

गुणांचे कागद गाशेंच्या हाती गेले आणि भुकेल्या बायकांनी खरं जेवण सुरू केलं. डाळीचं कालवण आलं. रीतीप्रमाणे जिने तिने शेजारणीला घास भरवला. "घे गं", "उघड तोंड", "केवढा हा घास, मारतेस का मला!" गाशे कागदावरची बेरीज सोडून टोपल्यांकडे बघत राहिले. एक नंबरचे इंजेरे तुटत होते, कालवण बोटांतून गळत होतं. ज्या त्या बाईचा हात दोन नंबरकडे वळत होता. थोड्याच वेळात त्या टोपलीचा तळ दिसला.

"बेरजेतही दोन नंबरच पुढे आहे," गाशे म्हणाले, "पण हे आधी दिसलं." आणि त्यांनी सही केली.

दोन नंबरचा शेवटचा तुकडा वुबितच्या हातात होता. "हा तुझा होता?"

"हो, एमाये," येशी आईला म्हणाली.

"मग आधी सांगायचं नाही? चार दिले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"पाच नसतेच दिले. आंबट आहे." आणि तिने तो तुकडा कालवणात बुडवून लेकीच्या तोंडात कोंबला. येशीचे डोळे भरून आले, पण तोंडही भरलेलं असल्याने का, ते तिला कुणी विचारलं नाही.

वुबित रिकाम्या टोपलीत कोपऱ्याकोपऱ्यातून चुरा गोळा करत होती. "थांब, पुसू नकोस तोंड. एकच घास भरवला तर मायलेकींत वैर येतं. दुसरा घे."